रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात: मुलांच्या दातांची सवय लावताना

थोरली अडीच वर्षांची असताना तिच्या वरच्या पटाशीच्या चार दातांवर तपकिरी डाग दिसायला लागले. आम्ही दोन महिने ते लोहाच्या औषधाचे डाग समजत होतो. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच तर आहेत, पडतील." शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. शेवटी दंतवैद्यांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री ब्रश कोण करतं?"

"तीच करते की. आवडतं तिला."

"तिला बुटाची नाडी बांधता येते?"

अडीच वर्षांच्या मुलीला कुठली नाडी बांधता येणार! त्यावर त्या म्हणाल्या की मग ब्रशही तिला येत नाही, ती फक्त ब्रश चावते. नाडीची ही खूण मी तेव्हापासून भेटेल त्या आईबापाला सांगत आले आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या बोटांना दाढांच्या मागच्या कोपऱ्यात ब्रश फिरवण्याइतकी सफाई नसते. तोवर रात्रीचा ब्रश मोठ्या माणसानं करायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीला धरून आहे. हे जमलं आणि बाकीचं निम्मंच जमलं तरी चालेल.

पडणाऱ्या दातांची एवढी काळजी का

दुधाचे दात 20. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. एखादं बाळ वर्षाचं होईपर्यंत बोळकंच राहिलं, तरी त्यात बहुतेक वेळा काही वावगं नसतं. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर हलायला लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, हे कुणी सांगत नाही. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर पोराला आणखी सहा-सात वर्षं जेवायचं असतं. ती वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट राहत नाही. पुढे तारा लावायची वेळ येते, त्यात याचाही वाटा असतो.

दुधाच्या दातांचं वरचं आवरण कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड आत लवकर पोचते. आणि मूल "दात दुखतो" असं सांगत नाही. ते एकाच बाजूनं चावतं, पोळीचा घास गालात धरून बसतं, भाकरी नको म्हणतं आणि वरणभातच मागतं. आपण म्हणतो, खाण्याचे नखरे.

कीड म्हणजे किडा नव्हे

मराठीत "दाताला कीड लागली" म्हणतात, म्हणून लहानपणी मला वाटायचं की आत खरोखरच अळी असते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे लोक गावोगाव असायचे. असा किडा नसतो. तोंडात जंतू असतात. आपण खाल्लेली साखर आणि पिठूळ पदार्थ ते खातात आणि आम्ल सोडतात. हे आम्ल दाताच्या आवरणातली खनिजं विरघळवतं. मग लाळ येते, आम्ल हळूहळू निवळतं आणि खनिजं थोडीफार परत बसतात. एकदा गोड खाल्लं की हे चक्र साधारण अर्धा तास चालतं.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणानंतर दोन पेढे सलग खाल्लेले परवडले, पण एक चॉकलेट दुपारभर चोखत फिरणं परवडत नाही. दुसरी, झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा चुकलं तर लाळ सांभाळून घेते, रात्री सांभाळणारं कुणी नसतं. म्हणूनच सकाळचा ब्रश घाईत झाला तरी मी फार मनाला लावून घेत नाही. रात्रीचा मात्र सोडत नाही.

दात यायच्या आधीपासून

सवय दाताला नव्हे, बाळाला लावायची असते. तीन-चार महिन्यांपासून आंघोळीच्या वेळी स्वच्छ, मऊ, ओलं फडकं बोटाला गुंडाळून हिरड्यांवरून हलकेच फिरवायचं. यानं दाताचं फार काही भलं होतं असं नाही, पण आपल्या तोंडात आईचं बोट जाणं ही रोजची गोष्ट आहे, हे बाळाला कळतं. धाकट्याच्या वेळी मी हे केलं आणि पुढची निम्मी भांडणं टळली.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरतं, मिळेल ते चावतं. फ्रिजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चावायला दिलं की बरं वाटतं. हिरडी बधिर करणारी जेल स्वतःच्या मनानं लावू नका. जोराचा ताप किंवा जुलाब झाले तर "दात येतायत" म्हणून घरी थांबू नका, त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. आणि वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असं कुणी म्हणालं तर मामाला फोन करून हसून घ्या.

आणखी दोन घरगुती गोष्टी. मधाचं बोट चाटवणं किंवा चोखणी मधात बुडवणं वर्षाच्या आतल्या बाळाला दातांपलीकडेही धोक्याचं आहे. मधातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि घास आपल्या तोंडात घालून, चमचा चाटून तो बाळाला भरवू नये. कीड करणारे जंतू मोठ्यांच्या लाळेतूनच बाळाच्या तोंडात जातात. आजीला हे सांगणं अवघड असतं. मी सांगायचं काम डॉक्टरीणबाईंवर सोपवलं होतं, कारण सुनेचं ऐकण्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकणं सोपं.

झोपतानाची बाटली

माझी चूक इथेच झाली होती. थोरली तोंडात बाटली धरूनच झोपायची आणि दुधात चमचाभर साखर असायची. दूध वरच्या पुढच्या दातांमागे साचतं. खालचे दात जीभ झाकून घेते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. फक्त वरचे चार दात काळवंडले असतील, तर डॉक्टर बाटली विचारणारच.

ही सवय एका रात्रीत सुटत नाही. आम्ही केलं ते असं: आधी साखर बंद केली. ती रडली, चार दिवसांत विसरली. मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत गेलो आणि दोनेक आठवड्यांनी बाटलीत नुसतं पाणी उरलं. त्या काळात पोट भरायला झोपण्याआधी अर्धा तास कपातून दूध द्यायचो आणि मग ब्रश. एका वर्षाच्या आसपास बाटलीवरून कपावर आणलेलं उत्तम. रात्री अंगावर पिणाऱ्या बाळाचे दात आलेले असतील, तर झोपण्याआधी ते पुसून किंवा ब्रश करून घ्यायचे. अंगावरचं दूध त्यासाठी सोडवायची गरज नाही.

ब्रश आणि पेस्ट

पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश. डोकं लहान, केस मऊ, दांडा आपल्या हातात बसेल असा, कारण तो आपणच धरणार आहोत. केस फिस्कटले की बदलायचा, नाहीतर तीन महिन्यांनी.

पेस्टबद्दल घरोघरी गोंधळ असतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती विसरून जा. पेस्ट फ्लोराइडची हवी, कारण आम्लानं झिजलेलं आवरण सावरायला फ्लोराइड मदत करतं. दुकानात कार्टूनच्या चित्राची ट्यूब उचलण्याआधी मागचं बारीक छापलेलं वाचा. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं, काहींत 500 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 500 भाग) आसपास असतं. बालदंततज्ज्ञ 1000 पीपीएमची पेस्ट सुचवतात. आपल्याकडे पेस्टमध्ये कायद्यानं जास्तीत जास्त तेवढंच फ्लोराइड चालतं, म्हणजे मोठ्यांची साधी पेस्टसुद्धा दाण्याएवढी घेतली तर चालते. मुलानं गिळली तर, ही भीती मापामुळेच मिटते. ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची. स्ट्रॉबेरीच्या चवीची असली तर नक्कीच.

एक अपवाद. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. ती कीड नव्हे, फ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक समजतात, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्या आणि कोणती पेस्ट वापरायची ते दंतवैद्यांना विचारून ठरवा.

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ हे मुलांच्या दातांवर नको. खरखरीत पूड आवरण घासून काढते. आणि मशेरी घरात असेल तर ती मुलांच्या नजरेआड ठेवा, "जा, आजीची मशेरीची डबी आण" हेही नको. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 सालापासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा आड येणार?

प्रत्यक्ष ब्रश कसा करायचा

न्हाणीघरात बेसिनसमोर उभं करून, समोरून वाकून ब्रश करणं सगळ्यांत अवघड. मुलाचं डोकं हलतं, आपल्याला आतलं काही दिसत नाही आणि दोघंही चिडतात. दोन वर्षांपर्यंत जमिनीवर बसायचं, मुलाला उताणं झोपवायचं आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं, तेल लावताना घेतो तसं. तोंड वरून दिसतं, दोन्ही हात मोकळे राहतात. फारच हातपाय झाडत असेल तर दोघांनी मिळून करायचं: मोठी माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेशी. मोठं झाल्यावर मुलाला आपल्यासमोर पाठमोरं उभं करा, डोकं आपल्या पोटाला टेकवून वर करायला सांगा.

डाव्या हाताच्या बोटानं ओठ बाजूला सारा. ओठ न उचलता केलेला ब्रश दाताच्या निम्म्याच भागावर फिरतो, आणि कीड बहुतेकदा हिरडीलगत सुरू होते. ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरून लहान लहान गोल फिरवायचे. करवतीसारखं आडवं घासायचं नाही. क्रम ठरलेला असावा. आमचा असा: वरची उजवी दाढ, तिथून पुढे येत डावीकडे, मग खाली डावीकडून उजवीकडे. बाहेरची बाजू झाली की आतली, शेवटी दाढांचे माथे. क्रम ठरला की काहीतरी राहून जात नाही आणि मुलालाही कळतं की आता किती उरलं. सगळं मिळून दोन मिनिटं. घड्याळ लावायचं नसेल तर भीमरूपी म्हणा. घाई न करता म्हटलं तर स्तोत्र संपेपर्यंत दोन मिनिटं होऊन जातात, आणि धाकट्याचं ते ब्रश करता करताच पाठ झालं.

शेवटी थुंकायचं आणि खळखळून चूळ भरायची नाही. हे आपल्या पिढीला विचित्र वाटतं, मलाही वाटलं. पण चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं. थुंकून तसंच झोपलं तर ते रात्रभर काम करतं. दोन दात एकमेकांना चिकटून असतील, विशेषतः दाढांमध्ये, तर तिथे ब्रश पोचत नाही. आठवड्यात शक्य तितक्या वेळा तिथून दोरा, म्हणजे फ्लॉस, फिरवा. रोज जमेल असं मी म्हणणार नाही, आम्हाला जमत नाही.

आणि भांडणाचं काय? दीड ते तीन वर्षांत भांडण होणारच. आमच्याकडे दोन ब्रश असतात: एक त्याचा, एक माझा. आधी तो स्वतः करतो, मग "आता माझी पाळी". कधी त्याला माझे दात घासू द्यायचे, कधी बाहुलीचे. "आज मेथीची पानं कुठल्या दाढेत लपली आहेत बघू" असं म्हटलं की तोंड उघडतं. तरी एखाद्या रात्री रडारड होते. रडताना तोंड उघडंच असतं, तेवढ्यात उरकायचं. गाडीतच झोपलेल्या मुलाला उठवायचं का? मी उठवत नाही. दमणूक होणार हे दिसत असेल तर मात्र संध्याकाळच्या जेवणानंतरच ब्रश करून घेते.

खाणं: वेळा मोजा

साखर पूर्ण बंद हे आपल्याकडे होणार नाही, आणि मुलांना सण हवेत. बोरन्हाणात पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, गोळ्या-चॉकलेटं ओतायची आणि मग सांगायचं "खाऊ नको", हे कसं चालेल? त्या दिवशी खाऊ द्यायचं. पण उरलेली पिशवी पुढचे दहा दिवस रोज तीनदा हातात द्यायची नाही. आम्ही ती डब्यात भरतो, दुपारच्या जेवणाला जोडून एक-दोन देतो आणि वर पाणी पाजतो.

खरी फसवणूक साध्या वाटणाऱ्या पदार्थांत असते. दुधात किंवा चहात बुडवलेलं बिस्कीट दाढांच्या खाचांत लगद्यासारखं बसतं आणि तासभर हलत नाही. चिक्की, मनुका, खजूर पौष्टिक खरे, पण चिकट. डब्यातले ज्यूस म्हणजे साखरेचं पाणीच. मधल्या वेळेला दाणे, फुटाणे, चीज, काकडी, गाजर, पेरू चालतो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे-फुटाणे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात.

आणि औषधं. खोकल्याची, तापाची बरीचशी पातळ औषधं साखरेत घोळलेली असतात आणि आपण ती नेमकी ब्रश झाल्यावर, झोपताना देतो. औषध आधी, ब्रश नंतर. मध्यरात्री द्यावंच लागलं तर वर दोन घोट पाणी.

महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

मोबाइलचा टॉर्च घ्या, वरचा ओठ उचला, हिरडीलगत पाहा. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी, आणि याच पायरीवरून ती मागे फिरवता येते. तपकिरी झालं, खड्डा पडला की घरच्या उपायांची वेळ गेली. दाढांचे माथेही पाहा. हिरडीवर पुटकुळी दिसली तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा, तो आतल्या पुवाचा मार्ग असतो.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. दुखत नसताना गेलेलं मूल खुर्चीत बसून मजा करतं, दुखत असताना पहिल्यांदा गेलेलं मूल ती खुर्ची आयुष्यभर लक्षात ठेवतं. घरी एक पथ्य पाळा: "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य कुणीही, अगदी आजोबांनीही, उच्चारायचं नाही. "दुखणार नाही" असंही आधीच सांगू नका. मुलाला दुखणं आठवतं, 'नाही' गळून जातं.

डॉक्टर दातांवर फ्लोराइडचा लेप लावतात, किडीकडे कल असलेल्या मुलाला तीन ते सहा महिन्यांनी. दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप बसवायला सांगितलं तर चकित होऊ नका, ती दाढ बारा वर्षांपर्यंत टिकवायची असते. थोरलीला दोन बसवल्या. तिनं वर्गात त्या चांदीच्या म्हणून मिरवल्या.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे बालदंत विभाग आहेत. रांग असते, डबा घेऊन जा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या तपासणीत किडलेले दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सहाव्या वर्षी

या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. येताना ती बाकीच्या दातांपेक्षा खाली राहते, ब्रश वरून निसटून जातो, आणि ती किडायची भीती याच काळात सगळ्यांत जास्त. ब्रश गालाकडून आडवा घालून ती वेगळी घासा. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा भरून घ्यायचं, म्हणजे सीलंटचं, डॉक्टरांना विचारा. सुई नाही, कोरणं नाही, थोड्या वेळात होतं.

खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून आले आणि दोन रांगा दिसल्या तर घाबरू नका. पुढचा हलत असेल तर पडू द्या, अजिबात हलत नसेल तर दाखवा. खेळताना दात पडला तर तो कुठला हे महत्त्वाचं: दुधाचा परत बसवत नाहीत. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं धरा, माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा.

थोरलीचा पहिला दात गेल्या श्रावणात पडला. तो कौलावर फेकून उंदीरमामाकडे नवा मागायचा, पण आमच्या इमारतीला कौलं कुठली? सासूबाईंनी तो गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला. रात्री ब्रशच्या वेळी तिनं तोंड मिटून घेतलं, तिथे दुखतं म्हणून. ती जागा सोडून बाकीचे घासले, त्या खड्ड्यापाशी ओलं फडकं नुसतं टेकवलं. तिसऱ्या रात्री तिनं स्वतःच ओठ उचलून दाखवला आणि म्हणाली, "इथे पण कर आता."